‘जॅक वर घे’ : विंधनयंत्राचा जॅक बदलताना होणारा अर्थभेद

सातारा जिल्ह्यातील माण-खटाव आणि सांगली जिल्ह्यातील जत-आटपाडी हा अवर्षणप्रवण टापू होय. तेथे विहीर खणणाऱ्या यंत्राची मोटार उन्हाळ्यात नित्य दृष्टीस पडते. शासनाच्या कागदोपत्री ती ‘विंधन विहीर’ असली, तरी लोकांच्या तोंडी ‘बोर’च आहे. मोटार शेतात उभी राहिली की प्रथम तिच्या सांगाड्याखालचे जॅक जमिनीवर टेकवितात व ती पाणसळीत आणतात. उभा मनोरा ओळंब्यात नसेल, तर छिद्र तिरके जाते आणि पुढे नळ अडकतो. महाराष्ट्र शासनाने 2021 साली कॅरॅव्हॅन-पर्यटनाचे धोरण स्वीकारले. त्या फिरत्या घरांपैकी मोठ्या गाड्यांखालीही याच जातीचे जॅक बसविलेले आढळतात. असा जॅक बदलताना जे बोलले जाते, त्यातील एका अर्थभेदाचा विचार येथे करावयाचा आहे.

‘जॅक’ हे मूळचे इंग्रजीतील विशेषनाम, ‘जॉन’चे घरगुती रूप. हलकी कामे करणाऱ्या गड्याला ते लावले जाई. पुढे माणसाचे श्रम वाचविणाऱ्या साधनालाही ते चिकटले. ‘हायड्रॉलिक’ हा शब्द ग्रीक भाषेतील ‘पाणी’ आणि ‘नळी’ या दोन शब्दांपासून झाला. प्रत्यक्षात आजच्या जॅकमध्ये पाणी नसून तेल असते, याची बोलणाऱ्याला अडचण वाटत नाही. पास्कलच्या नियमानुसार कोंडलेल्या द्रवावरील दाब सर्वत्र सारखा पसरतो. 8 सेंटीमीटर व्यासाच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे 50 चौरस सेंटीमीटर भरते. दर चौरस सेंटीमीटरला 140 किलोग्रॅम दाब दिल्यास तो एकटा सुमारे 7 टन भार पेलतो. हा भार ज्याच्या डोक्यावर आहे, त्याला मिळणारी आज्ञा एकाच अर्थाची असली पाहिजे.

नेमके तेच होत नाही. ‘जॅक वर घे’ या वाक्यातील ‘वर’ कोणाच्या संबंधात? जॅकचा पाय वर घेतला, तर गाडी खाली येते. ‘जॅक खाली घे’ म्हटल्यावर पाय खाली जातो आणि गाडी वर उचलली जाते. चाक बदलण्याच्या साध्या जॅकच्या बाबतीत जॅक आणि गाडी एकाच दिशेने सरकतात, म्हणून ती सवय असलेल्या माणसाला ‘वर घे’ म्हणजे ‘गाडी उचल’ असेच वाटते. त्यात कर्म गाळून नुसते ‘घे वर’ म्हटले, की संदिग्धता पुरी होते. या यंत्रांपैकी पुष्कळशी तमिळनाडूतील तिरुचेंगोड भागातून येतात. तेव्हा चालविणाऱ्याची मायबोली एक आणि गाडीखाली शिरलेल्या गड्याची दुसरी, हा प्रसंग अपवादात्मक नव्हे.

‘सोडणे’ हे क्रियापद याहून घातक. ‘जॅक सोड’ म्हणजे पाय जमिनीवर सोड, की दाब सोड? जॅक काढावयाचा असेल, तर गाडी आधी लाकडी ठोकळ्यांच्या भक्कम थरावर घेतात, चाकांना पाचरा लावतात आणि मग पाय आखडून जमिनीपासून सुटा करतात. नळी फुटली तरी गाडी कोसळू नये म्हणून पुष्कळ जॅकवर एकमार्गी झडप असते. इंजिन बंद करून दांडा हलविला, तरी त्या झडपेमागे कोंडलेले तेल दाबाखालीच राहते. म्हणून पायावरचा भार पूर्णपणे उतरल्यावाचून नळीची चकती सैल करावयाची नसते. ‘दाब सोडला’ हे उत्तर येथे पुरेसे नाही, ‘पाय मोकळा झाला’ असे उत्तर हवे.

नवा जॅक ‘बसविला’ जातो आणि जुना ‘बसला’ म्हणून बदलावा लागतो, ही मराठीची गंमतच. मूळ क्रियापदात खचण्याचा अर्थ आणि प्रयोजक रूपात जागी जोडण्याचा; संदर्भाने अर्थ उलगडतो, सबब येथे धोका नाही. जुन्याची बंद अवस्थेतील लांबी, धाव व छिद्रांची जागा नव्याशी ताडून पाहणे आवश्यक. जोडल्यावर बिनभाराने तो काही वेळा पुरता टेकवून आखडतात, म्हणजे आत राहिलेली हवा टाकीत निघून जाते. हवा दबते, तेल जवळजवळ दबत नाही. हवा राहिली तर पाय भाराखाली लवतो. तेलाची पातळी सर्व पाय आखडलेले असतानाच पाहतात.

यासाठी ‘द्रवचालित समतलक’ यासारखे शब्द घडवून काही साधेल असे वाटत नाही. ‘पाय टेकव’ आणि ‘पाय आखड’ ही दोन वाक्ये पुरेशी आहेत. टेकणे जमिनीकडेच होते आणि आखडणे अंगाकडेच. दिशा क्रियापदाच्या पोटातच आहे. गाडीविषयी बोलावयाचे असल्यास ‘गाडी चाकांवर घे’ असे कर्मासह म्हणावे.

गळतीच्या बाबतीत मात्र बोली आधीच काटेकोर आहे. तेल ‘पाझरते’ तेव्हा बहुधा दट्ट्याभोवतीचे ऑईल सील झिजलेले असते, ‘ठिबकते’ तेव्हा नळीचा जोड सैल असतो, आणि ‘चिळकांडी उडते’ तेव्हा नळीलाच चीर गेलेली असते. ही चिळकांडी कित्येकदा डोळ्यांना दिसत नाही, पण कातडी भेदून आत शिरते. म्हणून ती हाताने न चाचपता पुठ्ठ्याचा तुकडा धरून शोधतात, आणि कातडीत तेल शिरल्यास जखम लहान दिसली तरी माणसास तत्काळ शस्त्रवैद्याकडे नेतात.