एक खुंटा, दोन गळे

दोन गळ्यांचे गाणे म्हटले म्हणजे सुशिक्षित पुणेकराला प्रथम जुगलबंदी आठवते. परंतु ज्या गायनास रंगमंच नाही, बिदागी नाही, दाद देणारा श्रोताही नाही, आणि तरीही दुसरा गळा साथीला आल्याखेरीज ज्याला खरा रंग चढत नाही, असे गायन पुण्याच्या पश्चिमेस मुळशी तालुक्याच्या डोंगरी मुलखात, गावोगाव गिरणी येईपर्यंत, भल्या पहाटे घरोघरी चालत असे, आणि त्या मैफलीचे वाद्य म्हणजे दगडाचे जाते होते.

जात्याच्या दोन तळ्यांपैकी खालची स्थिर असते, वरची खुंट्याने फिरते. सासू-सून, जावा-जावा किंवा शेजारणी समोरासमोर बसून तोच खुंटा धरतात. एकीचा हात ओढतो तेव्हा दुसरीचा लोटतो, आणि मधूनमधून एकजण मोकळ्या हाताने दाण्यांची वैरण घालते. या श्रमविभागणीतूनच गाण्याची रचना निघते. पहिली ओळ एकीने उचलावी, दुसरीने ती झेलावी, घोळवावी आणि जोडीला आपली ओळ द्यावी. एकीचा श्वास संपतो तेथे दुसरीचा सुरू होतो, म्हणून दळण थांबत नाही व गाणेही थांबत नाही. ओवी बहुधा दोन ओळींची, पण ती म्हणताना 'गं बाई', 'सांगते तुला' अशी भर घालून जात्याच्या फेऱ्यात बसेल इतकी ताणता येते. सबब छंदःशास्त्राच्या काटेकोर मापाने तिचा हिशेब लागत नाही, आणि तो लावण्याचा आग्रहही कोणी धरू नये. विठ्ठलापासून निघालेली ओवी माहेरच्या भावावर जाते, तेथून सीतेच्या वनवासावर, तेथून सासूच्या बोलण्यावर. पीठ मागायला आलेली शेजारीण दारात उभ्या उभ्या स्वतःची एक जोडून देते. जात्यावर बसले की ओवी सुचते, ही म्हण उगाच पडलेली नाही.

हे धन कागदावर आणण्याचे प्रयत्न जुने आहेत. सानेगुरुजींचा 'स्त्रीजीवन' हा संग्रह सर्वश्रुत आहे. परंतु व्याप्तीने विलक्षण ठरलेले काम पुण्यातील हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ या जोडीचे. प्वातव्हँ मूळचे फ्रेंच, पुढे भारतीय नागरिक झालेले. १९८० च्या सुमारास दोघांनी पुण्यात सामाजिक शास्त्रांतील सहकारी संशोधनाचे एक केंद्र उभे केले, आणि डोंगरी भागातील गरिबांच्या 'गरीब डोंगरी संघटने'च्या कार्यकर्त्यांच्या साह्याने गावोगावच्या ओव्या वह्यांत उतरवून घेण्यास प्रारंभ केला. पुढे दोन दशकांत हजाराहून अधिक गावांतून १,१०,००० च्या आसपास ओव्या जमल्या. राईरकरांनी त्यांचे विषयवार वर्गीकरण केले. या दप्तराचा मला सर्वांत मोठा वाटणारा गुण असा की, ओवीपुढे गाणारणीचे नाव व गाव नोंदलेले आहे. जुन्या अनेक संग्रहांत ओव्या आहेत, परंतु बायका नाहीत.

तथापि वहीत उतरलेली ओवी मुकी असते. ही उणीव १९९० नंतरच्या दशकात संगीताचे अभ्यासक बर्नार्ड बेल यांनी भरून काढली. त्यांनी डिजिटल टेपवर सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण केले, आणि तेही गाणारणींच्या गावी जाऊन. यंत्राने घरी जाणे हा केवळ सोयीचा प्रश्न नव्हता. बंद खोलीत एकाच बाईला मायक्रोफोनसमोर बसवावे, तर मुद्रण स्वच्छ होईल, यात संशय नाही; पण मग ती कोणास उद्देशून गाणार, तिची ओळ कोण झेलणार, आणि खुंट्याच्या ओढीने आवाजाला येणारा तो हेलकावा कोठून आणणार? जात्याची घरघर हा येथे व्यत्यय नसून ठेका आहे. या बायका केवळ परंपरा पाठ म्हणत होत्या असेही नव्हे. दलित स्त्रियांनी बाबासाहेब आंबेडकरांवर रचलेल्या ओव्या या संग्रहात विपुल आहेत, आणि अक्षरशत्रू म्हणविल्या गेलेल्या स्त्रीने समकालीन इतिहासावर दिलेली ती जबानीच होय.

प्वातव्हँ २००४ मध्ये निवर्तले आणि राईरकर २०१० मध्ये निवर्तल्या. पुढे हा ठेवा 'पारी' या ग्रामीण पत्रकारितेच्या उपक्रमाकडे आला. २०१७ पासून त्याचे क्रमशः प्रकाशन सुरू झाले. 'पारी'ची मंडळी मुळशीतील कोळवड्याच्या ताराबाई उभे यांच्यासारख्या गाणारणींकडे पुन्हा गेली, आणि आता आवाजाबरोबर चेहरेही टिपले गेले.

दळणासाठी जाते आज क्वचितच फिरते. लग्नघरी हळद दळताना मात्र ते अजून पूजले जाते व वृद्ध बायकांच्या ओठी ओव्या येतात. अशा वेळी ज्याच्या हाती मोबाइल असेल त्याने प्रथम परवानगी मागावी. यंत्र जमिनीवर न ठेवता घडी घातलेल्या गोधडीवर, दोघींच्या मध्ये पण जात्यापासून जरा दूर ठेवावे, नाहीतर दगडाची थरथर शब्द गिळून टाकते. दुसऱ्या बाईला 'जरा थांबा' म्हणून गप्प करू नये. आणि मुद्रण संपताच दोघींची नावे, गाव व माहेर त्यांच्याच तोंडून त्याच फितीवर वदवून घ्यावे.