बहात्तरने जोडले, सातबाऱ्याने तोडले

29 नोव्हेंबरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाला 55 वर्षे पुरी झाली. त्या शनिवारी आमच्या मंडळीत उपकारस्तुतीच्या दोन सभा झाल्या. एक चर्चच्या आत, दुसरी बाहेर मांडव घालून. पंच कमिट्याच दोन आहेत, दोघींचे दावे चालू आहेत, आणि चर्चची किल्ली कोणाच्या खिशात राहावी हाच सध्या आमच्याकडचा सर्वांत मोठा धार्मिक प्रश्न आहे. ऐक्याचा वाढदिवस असा साजरा झाल्यावर जुने दिवस आठवणारच.

फार मागे जात नाही. अमेरिकन मिशन 1831 साली नगरला आले, 'ज्ञानोदय' 1842 साली सुरू झाला, पुढे इंग्लंडचे एसपीजी मिशन आले, हे सगळे दर जयंतीला कोणीतरी वाचून दाखवतोच. त्यातून आमच्या वाट्याला आले ते एवढेच : एकाच वस्तीत दोन प्रार्थनामंदिरे, आणि सोयरीक जुळवताना पहिला प्रश्न, 'तुम्ही कोणत्या मिशनचे?' देव एक, बायबल एक, रेव्हरंड टिळकांची भजनेही तीच. पण पंगत वेगळी. हे मिटवण्यासाठी 1929 पासून वाटाघाटी चालल्या. बिशप असावा की नसावा, बाप्तिस्मा तान्ह्या मुलांना द्यावा की मोठ्यांनाच, यात 41 वर्षे गेली. शेवटी 1970 साली नागपूरला सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. सातवी, मेथॉडिस्ट, ऐन वेळी मागे फिरली. तिकडे घंटा वाजल्या, इकडे आमच्या गावात पुढच्या रविवारी दोन्हीकडचे लोक आपापल्या जुन्याच बाकांवर जाऊन बसले.

आम्हांला एक केले ते बहात्तरच्या दुष्काळाने.

ज्यांनी तो पाहिला त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून पटत नाही. ओळीने वर्षे कोरडी गेली. विहिरींचे तळ दिसले, जनावरे कवडीमोलाने गेली, शेतकरी घरच्या बायका-पोरांसह रस्त्यावर खडी फोडायला बसला. रेशनवर मिलो आणि कामावर सुकडी. मी तेव्हा नवा मास्तर होतो. चर्च संस्थांकडून धान्य, तेल, दुधाची भुकटी येऊ लागली तशी आम्ही पोरे यादी करायला, पोती उतरवायला, बांधाची मापे घ्यायला लागलो. त्या टोळीत दोन्ही मिशनची पोरे होती आणि, वडीलधाऱ्यांना न विचारता, रोमन कॅथलिकही. 'रोमन लोकांपासून जपून' हे आम्ही लहानपणापासून ऐकलेले. पण नगरला जेझुइट फादर हर्मन बाखर होते. 1948 साली भारतात आलेला हा स्विस माणूस. पाणी, माती आणि शेतकरी सोडून त्यांना दुसरा विषय नसे. नाला कोठे अडवायचा याला पंथ नसतो, हे आम्ही त्या कामावर शिकलो.

जुना हिशोब इथेच सांगून टाकतो. धान्याची पहिली गाडी आली तेव्हा आमच्या काही पंचांचा हट्ट होता : आधी मंडळीच्या वहीत नाव असलेल्यांना, मग उरले तर इतरांना. पाळकसाहेबांनी वहीच कपाटात टाकून कुलूप लावले. म्हणाले, 'भुकेची वेगळी वही मी ठेवलेली नाही.' त्या पंचांनी पुढे त्यांची बदली करवली. आज किल्लीसाठी भांडणाऱ्यांत त्यांचीच मुले-नातवंडे दोन्ही बाजूंना आहेत.

त्याच जिल्ह्यात, नागपूरच्या ऐक्याच्याच वर्षी, डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे जामखेडला येऊन बसले होते. दुष्काळात त्यांनी पोरांना जेवू घातले आणि बोअर मारल्या त्या मुद्दाम दलित वस्तीत. पाणी हवे तर वरच्या आळीने तिकडे यायचे. शेकडो प्रवचनांनी झाले नसते ते हापशाने केले. पुढे त्यांनी खेड्यांतल्या, बहुतेक निरक्षर बायकांना आरोग्याचे शिक्षण दिले. वेगवेगळ्या जातींच्या त्या बायका एकत्र बसत, एकत्र जेवत. 1979 साली दोघांना मॅगसेसे मिळाले. हापशावरून आठवले : गावोगावचा तो इंडिया मार्क टू पंप म्हणजे जालन्याचे स्कॉटिश मिशन आणि सोलापूरची वेल सर्व्हिस यांच्या खटपटीचे फळ. घरगुती वापराचे ओतीव पंप सगळ्या गावाच्या हाताखाली आठवड्यात मोडत, म्हणून जालन्याने पोलादी पंप घडवला, सोलापूरकरांनी तो सुधारला, आणि दशकाच्या अखेरीस युनिसेफच्या साथीने तो देशभर गेला. आमचा शोध म्हणून कोणीही पाटी ठोकली नाही. आता आमच्याकडे पंखा दिला तरी पात्यावर दात्याचे नाव असते.

नंतरची वर्षे झरझर सांगण्यासारखीच आहेत. पाऊस आला. परदेशी पैसा प्रकल्पांकडे, प्रकल्प कार्यालयांकडे, कार्यालये जीपगाड्यांकडे गेली. सगळेच वाईट झाले असे नाही. बाखर यांनी 1993 साली उभ्या केलेल्या 'वॉटर' संस्थेचे पाणलोटाचे काम कोणीही जाऊन पाहावे. पण सेवा संस्थांकडे गेली आणि मंडळीकडे राहिली मिळकत. शहर वाढले, मिशनच्या बंगल्यांच्या आवारांना कोटींचे भाव आले. ज्या पंचांना बांधाचे माप माहीत नव्हते ते सातबारा तोंडपाठ म्हणू लागले. पाळकसाहेबांचे निम्मे दिवस धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत जातात. तरुणांना विचारावे तर ते नवी साउंड सिस्टिम दाखवतात. गातात चांगले, हे कबूल. पण कापणीच्या सणाला वेदीपुढे ठेवलेल्या कणसांपैकी त्यांच्या हातची किती?

देवाची सेवा एकत्र कशी करावी यावर ऐक्यासाठी जाड घटना लिहिली गेली. ती वाईट नाही, पण तिच्या कलमांनी आम्हांला कधी एका पंगतीला बसवले नाही. पोत्याची दोन टोके दोघांनी धरली तेव्हा ते झाले.

म्हणून दोन्ही कमिट्यांना जाहीर विनंती. आवारातली जुनी विहीर गाळाने भरली आहे आणि मागच्या वस्तीला उन्हाळ्यात टँकर लागतो. दावे मागे घेणे जमत नसेल तर घेऊ नका. पण पुढच्या तारखेपर्यंत दोन्हीकडचे दहा-दहा गडी द्या. गाळ काढायला चर्चची किल्ली लागत नाही.