माशीचा आठवडा

कोंबडीची विष्ठा सगळी एकसारखी नसते. सकाळी खुराड्यातल्या दांडीखाली वाकून नीट पाहिलं की दोन प्रकार ओळखू येतात. बहुतेक गोळे हिरवट-करडे, घट्ट आणि वर पांढरा थर असलेले. तो पांढरा थर युरिक ॲसिडचा. कोंबडी वेगळी लघवी करत नाही, अंगातला नको असलेला नायट्रोजन ती असा बाहेर टाकते. अधूनमधून मात्र गडद तपकिरी, काकवीसारखा चिकट आणि उग्र वासाचा पो सापडतो. लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावर कोंबडीला दोन बंद पिशव्या असतात, त्यांत आंबलेला हा ऐवज दिवसातून दोन-तीनदा बाहेर पडतो. घट्ट गोळा जयपूरच्या कोरड्या हवेत दुपारपर्यंत कडक होतो. चिकट पो मात्र वरून साय धरतो, आतून ओला राहतो, आणि माशी नेमकी त्याच्यावर येऊन बसते.

मोठी कोंबडी दिवसाला १०० ते १५० ग्रॅम विष्ठा टाकते आणि त्यात जवळजवळ तीन चतुर्थांश पाणी असतं. परसातल्या पाच-सहा कोंबड्यांचा हिशेब रोज अर्ध्या-पाऊण किलोवर जातो. वास, माश्या, शेजाऱ्यांची नाराजी, भाजीला मिळणारं खत, सगळं त्या पाण्याचं पुढे काय होतं यावर ठरतं. जयपुरात घरच्या बागेत कोंबड्या सांभाळताना मी जे शिकले, ते बरंचसं या पाण्याबद्दलच आहे.

घरमाशी एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते आणि आयुष्यात असं चार-पाच वेळा करते. उबदार हवेत अंडं दिवसाच्या आत फुटतं. अळी चार-पाच दिवस खात राहते, मग कोरडी जागा शोधून कोष करते, आणि आणखी चार-पाच दिवसांत माशी बाहेर पडते. अंड्यापासून माशीपर्यंत सगळे मिळून साधारण दहा दिवस. अळीला ओल लागते. विष्ठेतलं पाणी ३० टक्क्यांच्या खाली गेलं की तिचा निभाव लागत नाही. मग कामही आपोआप ठरतं: अळी कोषात जाण्याआधी तिच्या खालची ओल काढून घ्यायची. दांडीखालची पत्र्याची तगारी रोज खरवडली तर उत्तम, दोन दिवसांआडही चालतं. सुट्टीचा दिवस बघून आठवड्यातून एकदाच सफाई करणाऱ्याच्या घरून मात्र दर आठवड्याला एक पिढी सुखरूप उडून जाते.

आमच्या गल्लीत बहुतेक घरं जैन आणि वैष्णव. कोंबड्या पाळण्याबद्दल कुणी उघड बोललं नाही, पण कुणाच्या स्वयंपाकघरात माशी दिसली की नजर आमच्या फाटकाकडे वळते. त्यांची नाराजी मला रास्त वाटते. ज्याच्या घरात अंडं शिजत नाही, त्याने आमच्या अंड्यांपायी माश्या का सोसाव्यात? माशी सहज किलोमीटरभर उडते. ती रस्त्यावरच्या गाईच्या शेणातून आली, भाजीच्या ठेल्यावरून आली की आमच्या अंगणातून, हे तिच्याकडे पाहून सांगता येत नाही. अळी मात्र जिथली तिथेच सापडते. म्हणून शेजारच्या काकीसा आल्या की मी त्यांना खुराड्यापाशी नेते आणि हातातल्या खुरप्याने जमिनीवरची भुशाची गादी उकरून दाखवते. त्याही आता स्वतः वाकून बघतात.

मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. उघड्या विटांवर पडलेली विष्ठा काही तासांत वाळते, दाताळ्याने ओढली तर खडखडते. भर उन्हाळ्यात माश्याही कमी असतात. त्यांचे दोन हंगाम: एक होळीच्या आगेमागे, दुसरा पावसाळ्यात. तरीही मेमध्ये अळ्या सापडतात, आणि त्या माणसाच्या मायेपोटी सापडतात. चोच उघडी टाकून, पंख अंगापासून लांब धरून धापा टाकणारी कोंबडी बघवत नाही. मग आपण पोती भिजवून टांगतो, जमिनीवर पाणी शिंपडतो, कूलरची हवा खुराड्याकडे वळवतो. कोंबडीही दुपटीने पाणी पिते आणि तिची विष्ठा पातळ होते. भरीला पिण्याच्या पाण्याचं मातीचं भांडं असतं. ते पाझरतं म्हणून पाणी गार ठेवतं, आणि पाझरतं म्हणूनच त्याच्या बुडाखालची माती दिवसभर ओली राहते. आमच्या अंगणात उन्हाळ्यातल्या अळ्या पहिल्यांदा तिथेच सापडतात, विष्ठेच्या ढिगात नव्हे.

यावर उपाय महाग नाहीत. मातीचं भांडं वाळूने भरलेल्या तगारीत ठेवायचं आणि ती वाळू एक दिवसाआड उन्हात पसरायची. कूलरच्या गळतीला नळी जोडून ते पाणी लिंबाच्या आळ्यात सोडायचं. चिमण्यांसाठी उन्हाळ्यात इथे घरोघर परिंडे, म्हणजे पाण्याची भांडी, टांगतात. आपला परिंडा कोंबड्यांच्या डोक्यावर न टांगता एखाद्या वाफ्यावर टांगायचा, म्हणजे सांडलेलं पाणी झाडाला जातं. कोंबड्यांना गारवा हवा तर कडुलिंबाची सावली ओल्या पोत्याहून चांगली. सावली थंडावा देते आणि ओल मागे ठेवत नाही.

खुराड्याच्या जमिनीवर गादी लागते. कोकणात किंवा भंडाऱ्याकडे त्यासाठी भाताचं तूस सहज मिळतं. जयपुरात गव्हाचा भुसा मिळतो, शेंगांची टरफलं मिळतात, आणि सुताराच्या दुकानातून लाकडाचा भुसा पोत्याने मिळतो. भुसा साध्या लाकडाचाच घ्यावा, कारण प्लायवूडच्या भुशात डिंक आणि रसायनं असतात. टरफलं एकदा भिजली की बुरशी धरतात आणि ती बुरशी कोंबडीच्या फुप्फुसात जाते, म्हणून ती कडक वाळलेलीच हवीत. वीतभर जाडीची गादी घातली की पुढचं निम्मं काम कोंबड्याच करतात. संध्याकाळी मूठभर बाजरी गादीवर भिरकावली की त्या पायांनी सगळी गादी उलटीपालटी करतात, ओलं वर येतं आणि वाळतं. अळ्या दिसल्या तर वेचतात.

गादीची तब्येत मुठीत कळते. मूठभर घेऊन दाबायची. गोळा झाला आणि गोळाच राहिला, तर ओल जास्त. क्षणभर आकार धरून मोकळी झाली, तर ठीक. बोटांतून धुळीसारखी सरकली, तर फार कोरडी. मग साफ करताना नाका-तोंडाला फडकं बांधावं. दुसरी परीक्षा नाकाची, पण ती उभ्याने करू नये. उकिडवं बसून नाक कोंबडीच्या उंचीला न्यावं. जंतू युरिक ॲसिड फोडून त्याचा अमोनिया करतात, आणि त्यासाठीही पाणीच लागतं. हवेत २५ पीपीएमच्या वर अमोनिया गेला की कोंबडीचे डोळे आणि श्वासनलिका बिघडू लागतात. उभ्या माणसाला वास येत नाही म्हणजे सगळं ठीक, असं नसतं.

वास मारायला बरेच जण चुना भुरभुरवतात. चुन्याने ओल थोडी शोषली जाते हे खरं, पण तो अल्कधर्मी असल्याने विष्ठेतला नायट्रोजन अमोनिया होऊन उडतो. वास कमी व्हायच्या ऐवजी भपकन वाढतो, आणि खताचं मोल हवेत जातं. राखेचंही तेच. त्यातून अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात कॅल्शियम भरपूर, ते विष्ठेत उतरतं. आणि इथली माती आधीच अल्कधर्मी. तिच्यात आणखी चुना गेला की लिंबाला लोह घेता येत नाही, कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ती पिवळी पानं बघून लोक आणखी खत घालतात.

सगळ्यांत अवघड काम ढिगाचं. कोंबडखत कच्चं वापरता येत नाही, ते कुजवावं लागतं. आणि कुजायला ५० ते ६० टक्के ओल हवी. माशीच्या अळीलाही साधारण तेवढीच हवी. इतके दिवस जी ओल घालवली, तीच इथे मुद्दाम द्यायची. सुटका उष्णतेत आहे. ताज्या विष्ठेत नायट्रोजनच्या एका भागाला कार्बनचे ७ ते १० भाग असतात, आणि ढीग नीट तापायला २५ ते ३० लागतात. म्हणून एक टोपली विष्ठेला तीन-चार टोपल्या वाळका पाला किंवा भुसा. कडुलिंब मार्चच्या सुमारास पानं गाळतो, तो पाला पोत्यांत भरून ठेवला की पावसाळ्यापर्यंत पुरतो. प्रमाण जमलं आणि ढीग कमरेएवढा झाला, तर पोटात ५५-६० अंशांपर्यंत तापतो. लोखंडी सळई ढिगात खुपसून ठेवावी. बाहेर काढल्यावर हातात धरवली नाही, म्हणजे अळीला आत जागा नाही.

मग ती कडेला सरकते. बाहेरचे चार बोटं जाडीचे कोमट, ओले थर ही तिची जागा. म्हणून ताजी विष्ठा ढिगावर कधीच टाकायची नाही. पोटात खड्डा करून पुरायची आणि वर वीतभर वाळका पाला किंवा जुनं खत अंथरायचं. दर चार-पाच दिवसांनी ढीग परतायचा, तोही कडा आत जातील असा. ढीग परतणारे माळीजी कडेला पाणी मारू देत नाहीत. “गीला बीच में रखो, किनारा सूखा,” असं ते दरवेळी बजावतात, आणि मी कितीही वाचलं असलं तरी यापेक्षा नेमकं कुठे सापडलं नाही. जुलैत पाऊस सुरू झाला की ढिगावर ताडपत्री लागते. ती बांबूवर वर उचललेली हवी, अंगाला चिकटलेली नको. ढीग जमिनीपासून दोन विटा उंच हवा. पावसाळ्यात हे चुकलं तर आठवड्यात ढिगाची कड वळवळू लागते.

कोष शोधणं हे माझ्या आवडीचं काम. अळी तयार झाली की ढीग सोडून कोरड्यात येते. कुंड्यांच्या बुडाखाली, विटांच्या फटीत तांबूस-तपकिरी, तांदळाच्या दाण्याहून थोडे जाड कोष मिळतात. रिकामे कोष तळहातावर घेऊन भिंगाखाली बघावेत. ज्याचं टोक गोल झाकणासारखं निघालंय, त्यातून माशी गेली. ज्याला बाजूला टाचणीएवढं भोक आहे, त्यातून दुसरंच कुणी बाहेर आलं: मुंगीहून लहान परजीवी गांधीलमाशी. ती कोषाच्या आत अंडं घालते आणि तिचं पिल्लू माशी खाऊन मोठं होतं. गादीतही असे सोबती असतात, माशीची अंडी फस्त करणारे बारीक कोळीकीटक आणि काळे चकचकीत भुंगेरे. ढिगावर, गादीवर कीटकनाशक फवारलं की हे सगळे मरतात. माशी आठवड्यात भरून निघते, त्यांना फार वेळ लागतो. म्हणून माझ्या अंगणात फवारा येत नाही. गुळाच्या पाण्याची सापळा-बाटली मात्र ठेवते, तीही खुराड्यापासून लांब, कारण ती माश्यांना बोलावते.

कोंबडी अळ्या खाते ते चांगलंच, पण कुठल्या अळ्या ते बघावं. जयपूरहून फार लांब नसलेल्या सांभर सरोवरावर नोव्हेंबर २०१९ मध्ये सुमारे १८,००० पक्षी मेले. बरेलीच्या भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्थेने कारण सांगितलं ते बॉट्युलिझम. मेलेल्या पक्ष्याच्या शरीरात जंतू विष तयार करतात, अळ्यांमध्ये ते साठतं पण त्यांना बाधत नाही. त्या अळ्या खाऊन दुसरा पक्षी मरतो आणि नव्या अळ्यांना अन्न होतो. अंगणात उंदीर किंवा कबूतर मरून पडलं तर हेच चक्र छोट्या आकारात सुरू होऊ शकतं. अशा अळ्या खाल्लेल्या कोंबडीची मान लुळी पडते. म्हणून खुराड्यामागचा कोपरा, पाण्याच्या टाकीखालची जागा रोज बघावी आणि मेलेलं काही दिसलं तर खोल पुरावं. घरमाशीकडून कोंबडीला फीतकृमीही होतो, ते वेगळंच.

तीन-चार महिन्यांत ढीग थंड होतो. खत काळपट, भुरभुरीत होतं, वास मातीचा येतो. गांडुळं सोडायची तर याच वेळी. ताज्या कोंबडखतातल्या अमोनियाने आणि क्षारांनी ती मरतात. ऑक्टोबरात वाफे भरताना चौरस मीटरला अर्धा ते एक किलो पुरे. इथली माती वाळूमिश्रित, हलकी, सेंद्रिय द्रव्याची भुकेली, पण क्षार मात्र लवकर साठवणारी. मेथी-पालकाला हे खत मानवतं, टोमॅटोलाही. गाजर आणि मुळ्याच्या वाफ्यात मी ते घालत नाही. पाला माजतो, मुळं फाटे फोडतात. मातीला टेकणाऱ्या आणि कच्च्या खायच्या कोथिंबिरीसारख्या भाजीसाठी खत पुरतं कुजलेलं असावं. पुरतं कुजल्याची खात्री नसेल तर कच्चंच समजायचं, आणि घालणं व काढणी यांत १२० दिवसांचं अंतर ठेवायचं.

डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत माश्या जवळजवळ दिसत नाहीत आणि हात सैल पडतात. गादी तोवर जाड झालेली असते. ती फेब्रुवारीत, होळीच्या आधी काढायची, कारण हवा तापली की पहिली पिढी तिच्यातच वाढेल. सगळी मात्र काढायची नाही. तळाचा कोरडा, जुना तिसरा हिस्सा तसाच ठेवायचा आणि त्यावर नवा भुसा पसरायचा. अंडी खाणारे कोळीकीटक आणि भुंगेरे त्या थरातच असतात.