अपडेटनंतर एक्स्टेंशन अडतात तेव्हा

गोंदियाजवळच्या नागऱ्यात कुणाला उत्पन्नाचा दाखला हवा असो की डिजिटल सातबारा, अर्ज बहुधा ब्राउझरमधूनच जातो. रात्री ब्राउझर आपोआप अपडेट झाला आणि सकाळी रकान्यात मराठी अक्षरे उमटेनाशी झाली, तर खोळंबा दाखल्यासाठी आलेल्या माणसाचा होतो. संशय आधी वेबसाइटवर जातो. तपासायला हवीत ती एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडलेली छोटी साधने.

क्रोम प्रत्येक एक्स्टेंशनचा कोड वेगळ्या कप्प्यात चालवतो, पण पान सगळ्यांना मिळून एकच असते. जाहिराती अडवणारे त्यातले भाग लपवते, भाषांतर करणारे मजकूर बदलते, मराठी टंकलेखनाचे कळ दाबताच मध्ये येते. अपडेटमुळे यांचा क्रम किंवा नियम बदलला, की काल गुण्यागोविंदाने नांदणारी एक्स्टेंशन आज एकमेकांच्या पायात येतात.

मग वैतागून एक्स्टेंशन काढून पुन्हा टाकायचा मोह होतो. तो टाळावाच. 4 मे 2019 रोजी फायरफॉक्समधल्या एका प्रमाणपत्राची मुदत संपली आणि जगभरातली एक्स्टेंशन एकाएकी बंद पडली. दोष एक्स्टेंशनचा नव्हताच. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने तेव्हा बजावले होते, की काढून टाकू नका, त्यांत साठवलेली माहितीही जाईल. काढणे आणि बंद करणे यांतला हा फरक फार मोलाचा आहे.

बंद करून पाहायची सोय हाताशीच असते. फायरफॉक्सच्या ‘ट्रबलशूट मोड’मध्ये सगळी एक्स्टेंशन थांबतात. क्रोमच्या इनकॉग्निटो खिडकीतही, आपण मुद्दाम परवानगी दिली नसेल तर, ती चालत नाहीत. मात्र तिथे जुन्या कुकीजही नसतात. म्हणून अर्ज तिथे चालला, तरी एक्स्टेंशनवर लगेच ठपका ठेवू नये.

पुढे निम्मी बंद करून पाहावे. बिघाड टिकला तर दोषी चालू असलेल्यांत, गेला तर बंद केलेल्यांत. सोळा एक्स्टेंशन असली तरी चार फेऱ्यांत एक उरते. पण खरी गंमत पुढे आहे. भांडण दोघांचे असेल आणि ते दोघे वेगवेगळ्या गटांत पडले, तर कुठलाही गट एकटा चालवला तरी सारे सुरळीत दिसते! अनेक जण इथेच हात टेकतात. खरे तर हाच सर्वांत मोठा सुगावा. अशा वेळी एक गट पूर्ण चालू ठेवून दुसऱ्याचे निम्मे निम्मे करत जावे. एक जण सापडला, की त्याला चालू ठेवून पहिल्या गटात त्याचा जोडीदार शोधावा.

जोडी सापडल्यावरही कुणाला घालवायची गरज नाही. क्रोममध्ये प्रत्येक एक्स्टेंशन कोणत्या साइटवर चालावे हे ठरवता येते. जोडी टंकलेखन आणि भाषांतराच्या एक्स्टेंशनची असेल, तर टंकलेखनाचे अर्जाच्या साइटवर राहू द्यावे, आणि भाषांतराचे फक्त क्लिक केल्यावर चालेल असे करून ठेवावे.