मॉनिटरवरची लाट कागदावर उतरवून घ्या

आपला माणूस अतिदक्षता विभागात दाखल झाला की नातेवाइकांचे डोळे खाटेशेजारच्या मॉनिटरवर खिळतात. पण वाचले जातात ते फक्त आकडे. "ऑक्सिजन चौऱ्याण्णव, नाडी ब्याऐंशी," असे एकमेकांना सांगून माणसे धीर धरतात. आकड्याच्या बाजूने सरकणाऱ्या लाटेकडे कोणी पाहत नाही. आमच्या मते खरी हकीकत त्या लाटेतच असते, आणि ती वेळेवर कागदावर उतरवली नाही तर हातची जाते.

वरची, बहुधा हिरवी लाट हृदयाच्या विजेची, म्हणजे ईसीजीची. ही वीज टिपण्याचे यंत्र सिद्ध करणारे नेदरलँडचे विलेम आइंटहोवेन यांना 1924 साली नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरी लाट बोटाला लावलेल्या चिमट्याची. त्यामागचे तत्त्व जपानचे अभियंते ताकुओ आओयागी यांनी 1974 साली मांडले. प्रत्येक ठोक्याला बोटात रक्त येते, त्याची ही लाट. ती सपाट किंवा वेडीवाकडी असेल तर शेजारच्या ऑक्सिजनच्या आकड्यावर विसंबू नये. हात गार पडला, बोट हलले, गडद नेलपॉलिश असले, तरी असे होते.

येथे आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे. 2020 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतील रुग्णांचा अभ्यास आला. चिमटा 92 ते 96 टक्के दाखवत असताना धमनीतील रक्तात ऑक्सिजन प्रत्यक्षात 88 च्याही खाली, असे गोऱ्या रुग्णांच्या 3.6 टक्के मोजमापांत आढळले, कृष्णवर्णीयांच्या 11.7 टक्के मोजमापांत. यंत्रालासुद्धा कातडीचा रंग आड येतो! तेव्हा आकडा चांगला आणि माणूस मात्र धापा टाकतो आहे, असे दिसले तर धमनीतील रक्त तपासावे का, हे डॉक्टरांना विचारताना आपल्या लोकांनी बिचकू नये.

आता नोंदीविषयी. आमच्या वस्तीतील एका निवृत्त गिरणी कामगार काकांना अधूनमधून भोवळ यायची. दिवसा ईसीजी काढला की तो ठीक निघे. दाखल असताना एका रात्री मॉनिटर ओरडला आणि ड्युटीवरच्या सिस्टरनी लगेच रेकॉर्डचे बटण दाबले. अनेक मॉनिटर बटण दाबण्यापूर्वीच्या काही सेकंदांची लाटही छापतात, तशी ती छापली गेली. कागद सेकंदाला 25 मिलिमीटर सरकतो. मोठा चौकोन 5 मिलिमीटरचा, म्हणजे 0.2 सेकंदाचा. पट्टीवर दोन ठोक्यांमध्ये वीस चौकोन सपाट होते. हिशेब सोपा आहे, चार सेकंद ठोकाच पडला नव्हता. सकाळी मोठे डॉक्टर आले तेव्हा काका मजेत चहा पीत बसले होते. नुसते तोंडी सांगितले असते तर वायर निघाली असेल म्हणून विषय मिटला असता. पट्टी होती म्हणून पेसमेकरचा निर्णय झाला.

मॉनिटरच्या आत लाटा साठतात, पण त्याची स्मृती मर्यादित. ठराविक तासांनी जुने पुसून नवे चढते. रुग्णाची खाट बदलली की नोंद पुसली जाण्याचा संभव असतो. म्हणून आवाज झाला, भोवळ आली, छातीत दुखले की सिस्टरना नम्रपणे म्हणावे, "ताई, पट्टी काढून फाइलला लावता का?" पट्टीवर नाव, तारीख, वेळ आहे का ते पाहावे. मॉनिटरचे घड्याळच चुकीचे असेल तर खरी वेळ हाताने लिहून घ्यावी. आम्ही कारकुनी करणारी माणसे. बिनतारखेचा कागद आमच्या लेखी कागदच नव्हे. ही पट्टी उष्णतेने छापणाऱ्या कागदाची असते. ऊन, डिंक आणि प्लॅस्टिकचे पाकीट यांनी ती फिकट होते. तिची झेरॉक्स काढावी.

भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार दाखल रुग्णाची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपावी लागतात आणि मागितल्यास 72 तासांत द्यावी लागतात. अर्जात नुसते 'केसपेपर' लिहू नये. 'ईसीजी व मॉनिटरच्या पट्ट्यांसह' असे लिहावे. अर्ज दोन प्रतींत करून आपल्या प्रतीवर आवक शिक्का व तारीख घ्यावी.