धरणाच्या पाण्याची कॉफी

पुण्यातल्या एखाद्या कॅफेत कागदी गाळणीतून उतरवलेली बिनदुधाची कॉफी मागवली, तर कपात कॉफी असते फारतर दीड टक्का. उरलेलं सगळं पाणी. एस्प्रेसोसारख्या दाट प्रकारातही दहात नऊ भाग पाणीच. भिंतीवरच्या फळ्यावर मात्र चिकमगळूर, कुर्ग, अराकू अशी नावं असतात. मळा कोणता, तो किती उंचीवर, दाणा धुऊन वाळवला की फळासकट, सगळं तपशिलात. पाण्याचं गाव कोणी लिहीत नाही. ते लिहायचं ठरवलं, तर निम्म्याहून अधिक पुण्यात एकच नाव लिहावं लागेल: खडकवासला.

परदेशातल्या बऱ्याच शहरांत आता ‘टेस्टिंग पास’ मिळतो. एकदा पैसे भरायचे, ठरावीक मुदतीत गावातल्या छोट्या कॉफीच्या दुकानांत फिरायचं, प्रत्येक ठिकाणी एक लहान कप चाखायचा आणि शिक्का घ्यायचा. याचा एक गमतीदार पूर्वज लंडनचा. २००९ साली बॅरिस्टांच्या जागतिक स्पर्धेत पहिला आलेल्या ग्विलिम डेव्हिसनं ‘डिसलॉयल्टी कार्ड’ काढलं. नेहमीचं लॉयल्टी कार्ड म्हणतं, आमच्याकडेच या आणि दहाव्या खेपेला फुकट प्या. याच्या कार्डावर पूर्व लंडनमधली आठ दुकानं होती, तीही दुसऱ्यांची. तिथली कॉफी पिऊन शिक्के आणा, मग माझ्याकडची फुकट, असा सौदा. ‘आमची कोठेही शाखा नाही’ ही पाटी अभिमानानं मिरवणाऱ्या गावात, समोरच्याकडे आपणहून गिऱ्हाईक धाडण्याची ही कल्पना कितपत रुजेल याची मला शंका आहे.

तेव्हा छापील पासाची वाट न पाहता एक दोनशे पानी वही घ्यावी आणि रकाने आखावेत: दुकान, दाणा, भाजणी, दूध आणि शेवटी पाणी. सोबत पीएमपीचा दिवसाचा पास. माझ्या मते पुण्यात याहून स्वस्त टेस्टिंग पास निघणं अवघड आहे. दिशा मात्र ठरवून घ्यावी, डेक्कनकडून सिंहगड रस्त्यानं धरणाकडे. पाणी येतं त्याच्या उलट.

सुरुवातीला इराणी. हुसेन अली याक्षी यांनी १९३५ साली सुरू केलेलं ‘गुडलक’ फर्ग्युसन रस्त्याच्या तोंडाशी अजून उभं आहे. समोरचं ‘लकी’ मात्र केव्हाच गेलं. इराण्याकडे राज्य चहाचं आणि बनमस्क्याचं, कॉफी तिथं पाहुणी. तरीही पासाचा पहिला शिक्का इथलाच हवा, कारण एका कपावर तासभर बसण्याची सवय पुण्याला इथं लागली. आज लॅपटॉप उघडून बसणारी मुलं त्याच सवयीची नातवंडं. फरक एवढाच, की इराणी वेटर फडकं मारून आपल्याला उठवायचा, आणि आता वायफायचा पासवर्ड दोन तासांनी आपोआप बदलतो.

त्याच रस्त्यानं थोडं पुढं गेलं की दाक्षिणात्य कॉफीचा मुलूख लागतो. जगन्नाथ शेट्टींचं ‘वैशाली’ आधी ‘मद्रास हेल्थ होम’ होतं आणि ‘रूपाली’ होतं ‘कॅफे मद्रास’. २०२३ साली शेट्टी गेले, तेव्हा फर्ग्युसनच्या तीन-चार पिढ्या एकदम हळहळल्या. इथली कॉफी म्हणजे दोन कप्प्यांच्या फिल्टरमधून थेंबथेंब उतरलेला अर्क आणि वर उकळतं दूध. तिचा दाटपणा आणि किंचित जळकट गोडवा हा निव्वळ कॉफीचा नसतो, त्यात चिकोरी असते. चिकोरी म्हणजे भाजून दळलेलं मूळ. आपल्याकडे ते मुख्यतः गुजरात आणि उत्तर प्रदेशात पिकतं. मिश्रणात निम्म्याहून जास्त, निदान ५१ टक्के, कॉफी असलीच पाहिजे आणि प्रमाण पाकिटावर छापलं पाहिजे, असा नियम आहे. घरी पूड आणताना पाकिटाची ती बाजू वाचावी. ‘सत्तर-तीस’ आणि ‘एकावन्न-एकोणपन्नास’ यांच्या चवीत जो फरक असतो, तो ओळखायला जिभेला कसलंही प्रशिक्षण लागत नाही.

घरगुती कॉफीचाही एक रकाना ठेवा, तिचं दुकान नसलं तरी. साखर घालून उकळलेलं दूध, त्यात कॉफी आणि वरून किसलेलं जायफळ. मराठी घरात जागरणाला, परीक्षेच्या रात्री, पाहुणे उशिरा उतरले तर हीच. जागं राहावं म्हणून कॉफी आणि झोप यावी म्हणून जायफळ, दोन्ही एकाच पातेल्यात: हा समतोल दुसऱ्या कुणाला साधल्याचं ऐकिवात नाही. या कॉफीला एकेकाळी पूड असायची ‘पोल्सन’ची. पेस्तनजी एदलजी नावाच्या पारशी पोरानं १८८८ साली मुंबईत कॉफी दळण्याचं छोटं दुकान काढलं. त्याचं लाडाचं नाव ‘पॉली’, त्यावरून ‘पोल्सन’. पुढं हे नाव लोण्यासाठी गाजलं आणि ‘अमूल’शी झुंजलं, पण मूळ धंदा कॉफीचाच. लग्नातल्या ‘एक्स्प्रेसो’चाही एक शिक्का असू द्या. इन्स्टंट पूड, साखर आणि वाफेनं फुसफुसणारं दूध, वर चॉकलेटची भुकटी. इटालियन माणसानं ती पाहिली तर तो काय म्हणेल ते म्हणो, पंगतीनंतर तिच्यासाठी लागणारी रांग खोटी नसते.

आता नव्या दुकानांकडे. स्टारबक्स भारतात आलं ऑक्टोबर २०१२ मध्ये, पुण्यात वर्षभरानं. त्याआधीची दीड दशकं कॅफे कॉफी डेची. पण खरा बदल साखळ्यांनी केला नाही. स्वतः दाणा भाजणारी, पाकिटावर भाजल्याची तारीख टाकणारी छोटी दुकानं आली तेव्हा तो झाला. नागपूरचं ‘कॉरिडॉर सेव्हन’, मुंबईचं ‘सबको’ ही महाराष्ट्रातली ठळक नावं, आणि प्रभात रस्ता, औंध, बाणेर, कोरेगाव पार्क इथल्या गल्ल्यांतही असे भाजणारे सापडतात. तिथं गेल्यावर ‘प्लँटेशन’, ‘चेरी’, ‘पार्चमेंट’ हे शब्द कानावर येतील. बुजून जाऊ नये. धुऊन वाळवलेला अरेबिका म्हणजे प्लँटेशन, धुतलेला रोबस्टा म्हणजे पार्चमेंट, आणि फळासकट उन्हात वाळवलेला, मग तो कोणताही असो, चेरी. महाराष्ट्रातला दाणा मागितलात तर उत्तर बहुतेक नकारार्थीच येईल. अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदऱ्याला कॉफी होते, राज्यात तेवढी एकच जागा. पण ती फळ्यावर क्वचितच चढते.

चाखण्याची रीत साधी आहे. आधी बिनदुधाची, मग दुधाची. आधी हलक्या भाजणीची, मग गडद. पहिला घोट बिनसाखरेचा आणि तोही आवाज करत ओढायचा. घरात यावरून धपाटा बसला असेल, पण व्यावसायिक चाखणारे असंच करतात. हवेबरोबर ओढल्यानं वास नाकापर्यंत पोचतो. कप कोमट होईपर्यंत थांबायचं, कारण गरम असताना आंबटपणा आणि फळांचा स्वाद दबलेला असतो. आणि दोघांत एक, ‘वन बाय टू’. निरोगी प्रौढ माणसाला दिवसाला साधारण ४०० मिलिग्रॅम कॅफीनपर्यंत चालतं असं मानतात, म्हणजे मोठे चारेक कप. एकट्यानं पाच दुकानं केलीत तर रात्री जायफळही कामाला येणार नाही.

वहीतला पाण्याचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. कॉफीला शुद्ध म्हणजे कोरं पाणी चालत नाही. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दाण्यातला स्वाद ओढून काढतं. बायकार्बोनेट उलट आंबटपणा मारतं. कॉफीवाल्यांची आंतरराष्ट्रीय संघटना लिटरला १५० मिलिग्रॅमच्या आसपास विरघळलेले क्षार असावेत असं सांगते. ७५ ते २५० पर्यंत चालवून घेते. धरणातलं पाणी म्हणजे सह्याद्रीच्या काळ्या पाषाणावरून धावत आलेला पाऊस. त्याला जमिनीत मुरायला फारसा वेळ मिळत नाही, म्हणून ते हलकं. बोअरचं पाणी त्याच पाषाणाच्या भेगांत राहून क्षार पिऊन येतं, म्हणून जड. पालिकेच्या नळावर चालणारं पेठेतलं दुकान आणि टँकरवर चालणारं नव्या वस्तीतलं दुकान एकाच पाकिटातला दाणा वापरत असले, तरी दोन कप निराळे होतात. पहिल्यात लिंबाची चुणूक लागते, दुसऱ्यात तोच दाणा मातकट आणि सपाट. शिवाय जड पाण्यानं मशीनच्या बॉयलरमध्ये पांढरा थर बसतो आणि मालकाच्या खिशाला भोक पडतं. म्हणून बरेचजण आरओ बसवतात. तो सगळेच क्षार काढून टाकतो आणि कॉफी पुन्हा फिकी पडते. जाणते दुकानदार मग थोडे क्षार परत मिसळतात. काउंटरपलीकडच्या मुलाला ‘पाणी कुठलं वापरता?’ असं विचारून पाहा. जो उत्साहानं पाच मिनिटं बोलतो, त्याच्या दुकानाला माझ्या वहीत आगाऊ शिक्का.

डेक्कनचे शिक्के झाले की सिंहगड पायथ्याची ५० नंबरची बस धरावी. रविवार टाळावा. रविवारी नांदेड फाट्यापासून किरकटवाडीपर्यंत गाड्यांची जी रांग लागते, तीत बसून कॉफीचा विचार सुचत नाही. वाटेत आनंदनगर, वडगाव, धायरी या भागात गेल्या काही वर्षांत बरेच कॅफे उघडले. दाण्याबद्दल त्यांचे दावे कमी आणि दुधाची कॉफी चांगली. दुधाला पुण्यात तोटा नाही. कात्रज डेअरीचं इथलंच, चितळ्यांचं भिलवडीहून येतं. फक्त म्हशीचं दूध मागू नये. त्यातला सहा टक्क्यांचा स्निग्धांश कॉफीला पार गिळतो. गाईच्या दुधात दाणा जाणवतो. दूध साठ-पासष्ट अंशांपर्यंतच तापवलेलं असावं. त्यापुढं गेलं की त्याचा गोडवा हरवतो.

आणि मग धरण. फाईफ नावाच्या ब्रिटिश लष्करी अभियंत्याच्या आराखड्यानुसार १८६९ मध्ये काम सुरू झालं आणि १८७९ च्या सुमारास मुठा नदी अडली. इंग्रज त्याला ‘लेक फाईफ’ म्हणत. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर मिळून पुण्यासाठीचा साठा सुमारे २९ टीएमसी. त्यात खडकवासल्याचा वाटा दोन टीएमसीहूनही कमी. वयानं थोरलं, पोटानं सगळ्यांत लहान. पण वरच्या तिघांचं पाणी येतं ते याच्याच दारातून.

इथं कॉफीच्या मुलखातला एक माणूस आपली खूण ठेवून गेला आहे. म्हैसूर संस्थानातून पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शिकायला आलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात असताना त्यांनी आपोआप उघडणारे दरवाजे तयार केले, आणि १९०३ मध्ये ते पहिल्यांदा इथं बसले. धरणाची भिंत उंच न करता साठा वाढला. पुढं ते म्हैसूरचे दिवाण झाले. पुण्याच्या कपातला बहुतेक दाणाही कर्नाटकातला आणि पाणी वाढवणारा इंजिनिअरही तिथलाच, हा योगायोग मला फार आवडतो.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, लोंढा इथं येऊन धडकला आणि खडकवासल्याची भिंतही गेली. पूर ओसरल्यावर चिखलात बसलेल्या पुण्याला प्यायच्या पाण्यासाठी वणवण करावी लागली. आजची भिंत त्यानंतर दुरुस्त झालेली. समोर १९१६ पासूनचं केंद्रीय जल संशोधन केंद्र आहे आणि पाण्यापलीकडच्या टेकड्यांवर १९५५ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणजे एनडीए.

‘धरण उशाला आणि कोरड घशाला’ ही म्हण धरणालगतच्या गावांनी शब्दशः भोगली. खडकवासला, किरकटवाडी, नांदेड ही गावं ३० जून २०२१ रोजी पुणे महापालिकेत आली, पण शहराला मिळतं तसं शुद्ध केलेलं पाणी त्यांच्या नळांपर्यंत लगेच पोचलं नाही. जानेवारी २०२५ मध्ये याच पट्ट्यात गुलियन-बारे सिंड्रोमचे रुग्ण मोठ्या संख्येनं आढळले आणि तपासाचा रोख पिण्याच्या पाण्याकडे वळला. कोरेगाव पार्कात बसून पाण्यातल्या मॅग्नेशियमवर वाद घालताना हेही ध्यानात असलेलं बरं. धरणालगत कॉफी घ्यायची तर ती खळखळून उकळलेली घ्यावी. सुदैवानं चौपाटीवरच्या टपऱ्यांना दुसरी कॉफी येतच नाही.

चौपाटी म्हणजे कणसं, कांदाभजी, चहा. सिंहगडाच्या बाजूला सरकलं की पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही. कॉफी मागितली की एक रुपयाची नाही तर दोन रुपयांची पुडी फाडली जाते, दूध उकळतं आणि साखर न विचारता पडते. तिला गुण देताना शहरातली फूटपट्टी लावू नये. मी वहीत तिच्यासमोर भजीचा रकाना जोडला आहे, आणि त्या जोडीला जवळपास पैकीच्या पैकी गुण पडतात.

एवढं झालं की दुसरा फेरा विमाननगर, खराडीकडे काढावा. २०२१ पासून शहराच्या त्या पूर्व भागाला भामा आसखेडचं पाणी मिळतं, म्हणजे धरण वेगळं. एकाच भाजणाऱ्याचा एकाच तारखेचा दाणा डेक्कनला आणि तिकडे, दोन्हीकडे चाखून पाहावा. पिंपरी-चिंचवडकर विचारतील, आमच्या पवनेचं काय? त्यांची वही वेगळी. ती त्यांनी आखावी.