भाड्याच्या खोल्या आणि हिवाळ्यातले गरम पाणी



उसाच्या बिलाचा पैसा हाती आला की पूर्वी विहीर व्हायची, बैलजोडी यायची. आता बरेच सभासद खापरखेड्यात दोन-चार खोल्या बांधून भाड्याने देतात. तिथे भाडेकरूंची वाण नाही. २१० मेगावॉटचे चार आणि ५०० मेगावॉटचा एक असे संच असलेले महानिर्मितीचे वीज केंद्र तिथे आहे, शेजारी सिल्लेवाडा-वलनीच्या कोळसा खाणी आहेत. कंत्राटी कामावर बाहेरगावचा माणूस येतो, त्याला खोली लागतेच.

शेतकी खात्याने घराच्या भानगडीत का पडावे, असे कोणी म्हणेल. पण आम्ही लागवडीच्या नोंदीला गटात फिरतो तेव्हा खोल्यांच्या चौकशाही होतात. कूलरला खिडकी कुठे ठेवावी, स्लॅब तापतो त्याला काय करावे, हे सगळे विचारतात. (पांढऱ्या चुन्याचे दोन हात मार्चअखेर द्यावेत. स्वस्त आहे आणि गुण येतो.) गरम पाण्याचे मात्र कोणी विचारत नाही. नागपूर म्हणजे ऊन, एवढेच आपल्या डोक्यात बसले आहे. याच नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर उतरला होता.

रात्रपाळी करून आलेला माणूस पहाटे आंघोळ करणारच. मालकाने सोय केली नसेल तर तो आपली आपण करतो, आणि खरा धोका इथेच आहे.

पहिली सोय म्हणजे बादलीत सोडलेला रॉड. लोखंडी बादली, ओली फरशी, अर्थिंग नसलेला प्लग, आणि पाणी तापले का म्हणून बोट घालून पाहण्याची सवय. रॉडचे आवरण तडकलेले असेल तर एवढ्यानेच जीव जातो. मोटारीच्या स्टार्टरला आपण किती जपतो, तेवढी काळजी भाडेकरूच्या प्लगची घेतो का?

दुसरी सोय म्हणजे कोळशाची सिगडी. या भागात कोळसा हाताशी असतो. पाणी तापले, स्वयंपाक झाला, की उरलेले निखारे थंडीसाठी आत घेतात आणि दार-खिडकी लावून झोपतात. बंद खोलीत कोळसा अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, धूर दिसत नाही. रक्तातल्या ज्या द्रव्याने प्राणवायू वाहून न्यायचा, त्यालाच हा वायू प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक जोराने चिकटतो. आधी डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. झोपलेल्या माणसाला तेही कळत नाही. असे कोणी सापडले तर आधी त्याला उघड्या हवेत आणावे, मग दवाखान्यात न्यावे. न्हाणीत बसवलेल्या गॅस गिझरचीही हीच गत. तो न्हाणीच्या बाहेर, मोकळ्या हवेतच हवा. आणि खोलीचा वरचा झरोका थंडी लागते म्हणून भाडेकरूला बुजवू देऊ नये, मालकाने स्वतः तर नाहीच नाही.

तेव्हा आमचे सांगणे असे की, गरम पाण्याची सोय मालकानेच करावी. खर्चाचा बाऊ नको. १५ लिटर पाणी १८ अंशांवरून ४२ अंशांपर्यंत तापवायला अर्ध्या युनिटहूनही कमी वीज लागते. २००० वॉटचा गिझर हे काम बारा-तेरा मिनिटांत करतो. चार खोल्यांना एक सामाईक न्हाणी असली तरी एक चांगला गिझर पुरतो. फक्त पाळी ठरवून द्यावी लागते, नाहीतर पहाटे भांडणे!

पण बसवला आणि विसरला असे चालत नाही. कारखान्यात रस आटवणाऱ्या बॉडींच्या नळ्यांना आतून खपली धरते आणि ती काढायला गाळप थांबवावे लागते, हे आपण जाणता. बोअरच्या जड पाण्याने गिझरच्या कॉइलवरही तशीच खपली चढते. मग वीज जास्त जाते, पाणी उशिरा तापते आणि शेवटी कॉइल जळते. टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते. टाकीच्या पत्र्याऐवजी ती स्वतः झिजते. ती संपली की टाकी सडू लागते. म्हणून दिवाळीच्या आगेमागे, थंडी पडण्याआधी, मिस्त्रीला बोलावून खपली काढावी, कांडी पाहावी, थर्मोस्टॅट आणि दाबाची झडप तपासून घ्यावी. झडप गळते म्हणून तिला बूच ठोकणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. कोंडलेली वाफ टाकी फोडते, हे लक्षात ठेवा.

अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात अधूनमधून पाणी ओतावे. शिवाय वीज गळताच प्रवाह तोडणारा ३० मिलिअँपियरचा स्विच बसवून घ्यावा. हा खर्च टाळू नये.

सोलर बंब परवडत असेल तर उत्तमच, विजेचे बिल वाचते. मात्र खापरखेडा-कोराडीकडे राखेची धूळ उडते. ती काचेच्या नळ्यांवर साचली की पाणी कोमट राहते आणि लोक यंत्राला नावे ठेवतात. पंधरवड्याने सकाळी लवकर, नळ्या थंड असताना, त्या ओल्या फडक्याने पुसाव्यात.

दुरुस्ती कोणी करायची, याचा वाद नेहमीचा. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा जिथे लागू आहे, तिथे जागा राहण्याजोगी ठेवणे मालकाचे काम आहे. भाडेकरूने निदान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही मालकाने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून कापू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या चौथाईपर्यंत. करार करतानाच गिझरची दुरुस्ती मालकाकडे, विजेचे बिल वेगळ्या मीटरवर भाडेकरूकडे आणि खोलीत सिगडी पेटवायची नाही, ही तीन कलमे लिहून घ्यावीत. भाडेकरू मराठी वाचणारा नसेल, तर त्याच्या भाषेत वाचून दाखवावीत.